एक सैल, एक घट्ट

आत्याच्या तेराव्याला दानाच्या वस्तू पाटावर मांडल्या होत्या. छत्री होती, काठी होती, तांब्या होता, घोंगडी होती. आणि जिथं चपला ठेवायच्या तिथं पांढरेशुभ्र, जाळीचे, जाड तळव्याचे स्पोर्ट शूज ठेवले होते. नाडीची फुलं बांधून.

गुरुजींनी आधी बुटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे कुणाचे राहिलेत का इथं?"

"न्हाई गुरुजी, दानाचेच हायेत," वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे आत्याची सून.

"चपला असतात शक्यतो."

"त्यांना चपला चालल्या नसत्या."

भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी लगेच शास्त्राचा मुद्दा काढला. बूट दान केला तर तो पोचतो का? गुरुजींनी एक बूट उलटा करून तळवा पाहिला. मग म्हणाले, "पादत्राण दिलं म्हणजे झालं. त्याला नाडी असावी की नसावी, याबद्दल काही सांगितलेलं नाही." आणि मग जरा वाकून, हळू आवाजात, "नंबर कितीचा आणलाय?"

मला हसू फुटलं. तेराव्याला हसणं बरं दिसत नाही म्हणून मी ते खोकल्यात ढकललं, तर बायकोनं सगळ्यांदेखत पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्या घरात कुणाचं लग्न असो की कुणाचं कार्य, चार शब्द बोलायला मला उभं करतात. त्या दिवशी मात्र दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, सकाळीच बजावलं होतं, "तू आज बोलू नको. तू सुरू झालास की लोकं जेवायला उठत न्हाईत." त्यामुळे त्या दिवशी पोटात राहिलेलं सगळं इथं लिहितो आहे. जेवायला उठायचं असेल त्यांनी खुशाल उठावं.

आत्याचं गाव घोड नदीच्या काठाला, मंचरपासून फार लांब नाही. गावाबाहेर वस्ती, वस्तीच्या मागं कांदा आणि टोमॅटो, आणि त्यामागं ऊस, ज्यात बिबट्या असतो असं सगळे सांगतात आणि नसतो असं कुणीच सांगत नाही. आत्या उंच, हाडापेरानं रुंद, नऊवारी नेसणारी. तिची एक सवय पहिल्या भेटीत माणसाला बुचकळ्यात टाकायची. ती तोंडाकडे बघायचीच नाही, पायांकडे बघायची. मी दारात उभा राहिलो की "आलास का रं?" हे ती माझ्या अंगठ्याला विचारायची. पायांवरून तिला सगळं कळायचं. माझ्या बायकोच्या टाचा बघून तिनं ओळखलं होतं की पुण्यात आमच्याकडे फरशी पुसायला बाई येत नाही. एका भाचीला बघायला आलेल्या मुलाबद्दल घरातल्यांचं एकमत झालं, तर ही म्हणाली, "पोरगा गोड हाय, पर चालताना टाच घासतो. कामाचा आळशी असंल." लग्न झालं. जावई गोड आहे. बाकीचं मी लिहीत नाही, तो हे वाचेल.

नातवंडांनी तिला व्हिडिओ कॉल शिकवला, तेव्हा तर कहर झाला. मी इकडून "आत्या, दिसतोय का?" म्हणून चेहरा पुढं करतोय आणि तिकडून हुकूम, "तोंड ऱ्हाऊ दे, फोन खाली धर. पाय दाव." मी घरात, अर्ध्या चड्डीवर, सोफ्यावर उभा राहून स्वतःचे पाय दाखवतोय, हे दृश्य आमच्या शेजाऱ्यांनी खिडकीतून एकदा पाहिलं. त्यानंतर त्यांनी साखर मागणं बंद केलं.

तिच्या पायात बूट आले ते माझ्यामुळे. इतिहासात माझं नाव लागायचं असेल तर तेवढ्यापुरतं लागावं.

झालं असं की आमच्या सोसायटीसमोर एक मोठा फलक लागला. त्यात एक नावाजलेला क्रिकेटपटू हवेत उडी मारून तसाच थांबलेला, आणि त्याच्या पायात लाल पट्ट्याचे बूट. मी रोज दूध आणायला जाताना ते बघायचो. हळूहळू मला वाटायला लागलं, की आपल्यात आणि हवेत थांबण्यात फक्त त्या बुटांचाच काय तो फरक आहे. मी ते घेतले. पहिल्या सकाळी गेटपर्यंत गेलो आणि धाप लागली म्हणून रिक्षानं परत आलो. मग बूट कपाटाखाली गेले.

आत्या पुण्याला आली तेव्हा तिनं ते ओढून काढले. पाय आणि पायातलं, दोन्ही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"हे कशाला रं?"

"पळायला."

"पळतोस?"

"नाही."

तिनं बाकी काही विचारलं नाही. मोज्यांवर मोजे चढवले आणि माझे आठ नंबरचे बूट स्वतःच्या सात नंबरच्या पायांत घालून ती गॅलरीत जाऊन बसली. दुपारभर खाली बघत होती. संध्याकाळी मला हाक मारली. "बघ इकडं. दूधवाला, वॉचमन, ती कालिजातली पोरगी, त्यो पोट सुटल्याला साहेब. समद्यांच्या पायात पळायचं बूट. अन् पळतंय कोण? एक न्हाई. समदं शहर पळायचं बूट घालून उभं हाय."

मी म्हणालो, "फॅशन आहे आत्या. मोठी माणसं घालतात, मग सगळे घालतात."

"मोठी म्हंजी कोण?"

मी तो फलक दाखवला. तिनं हवेतल्या क्रिकेटपटूकडे बराच वेळ पाहिलं. अर्थात पायांकडेच.

"त्यो काय म्हंतोय?"

"काही नाही. नुसता उभा आहे. म्हणजे, उडालाय."

"बरोबर हाय," आत्या म्हणाली. काय बरोबर आहे, ते मला पुढं बऱ्याच काळानं कळलं. ती मात्र माझे बूट घालूनच गावाला गेली. पांढऱ्या नऊवारीवर लाल पट्ट्याचे बूट. शेतात शिरताना मातीला हात लावून "माफ कर गं बाई" म्हणायची आणि बुटांसकट आत जायची. गावानं दोन दिवस बघितलं आणि मग सोडून दिलं. आत्याचं वेगळंच असतं, ती देवाशीही भांडते, असं म्हणून मोकळे झाले. भीमाशंकरला गेली तर देवळाच्या पायरीशी बूट काढून, पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून दर्शन घ्यायची. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणाली, "देवाला पाय दावायचं. बूट चोराला न्हाई दावायचं."

इथपर्यंत सगळी गंमत होती.

मग एका पावसाळ्यात वहिनीला घोणस चावली. कांद्याची खुरपणी चालली होती. घोणस चपळ नसते, पालापाचोळ्यात वेटोळं करून पडून राहते, आणि पाय पडला की चावते. वहिनी अनवाणी होती, कारण शेतात सगळ्याच बायका अनवाणी असतात. बांधावर चप्पल काढायची, काळ्या मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग आत. ही पद्धत कुणी घालून दिली हे कुणालाच माहीत नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही. दादानं तिला मोटारसायकलवर घालून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला. पण उजव्या पायाची कातडी गेली, मांडीची कातडी काढून तिथं लावली, आणि तो पाय कायमचा सुजलेला, वाकडा राहिला.

वहिनी घरी आली, पण शेतात परत गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, घरात काम लई हाय. ओट्यावर बसून लसूण सोलायची आणि शेताकडे पाठ करायची. खुरप्यात तिचा हात धरणारं वस्तीवर कुणी नव्हतं. तीच बाई बांधाच्या अलीकडे थांबली होती.

आत्या त्याबद्दल एकदाच बोलली. मला म्हणाली, "त्या दिशी पल्याडच्या वाफ्यात मीच तिला पाठवलं व्हतं." आणि नेहमीप्रमाणे माझ्या पायांकडे बघत राहिली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर म्हणाली, "गप. आता एकीचा पन पाय उघडा जाणार न्हाई शेतात."

सुरुवात गमबुटांनी झाली. तिनं कुठून कुठून ते आणले आणि वस्तीवरच्या बायकांना घातले. बायकांनी ते एक सकाळ सोसले. एक म्हणाली, "आत्या, माझा पाय कुठं संपतो तेच कळंना." दुसरी म्हणाली, "चालताना फदक फदक वाजतंय, म्हशीमागं आल्यावानी वाटतंय." दुपारी सगळे गमबूट गोठ्यात उलटे टांगलेले होते. मग शेतीखात्याचे साहेब आले, त्यांनी सापांवर भाषण दिलं, चित्रं दाखवली. बायकांनी चित्रं बघून पदर तोंडाला लावला, साहेबांना चहा दिला आणि अनवाणी खुरपायला गेल्या. डॉक्टर सांगून थकले.

तेव्हा आत्यानं आपला विचार मला सांगितला. मी आयुष्यात बरीच व्याख्यानं ऐकली आहेत, काही दिलीही आहेत. पण एवढं सरळ कुणी बोललेलं मला आठवत नाही.

"हे बघ. डागदर सांगतो, सायेब सांगतो, मी सांगती. सांगणाऱ्याचं कोन ऐकतं? तुझ्या घरापुढचा त्यो उडालेला गडी आठव. त्यो बोलतो का? बूट चांगलं हायेत, घ्या, पाय जपा, काय तरी म्हंतो का? न्हाई. नुसता घालून दावतो. आपल्याला असं मानूस पायजे, की त्यानं नुसतं घातलं की समद्यांना वाटलं पायजे, मला बी."

"म्हणजे प्रसिद्ध माणूस."

"हां. तसं." तिनं क्षणभर विचार केला. "तू रेडूवर बोलला व्हतास ना?"

रेडिओवर बोललो होतो. एकदा. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल लोकांची मतं घेत होते, त्यात माझी दोन वाक्यं होती आणि एक मध्येच कापलं होतं. पण आत्यानं ठरवलं. पुढच्या घरगुती हळदीला मला नवेकोरे, भगव्या रंगाचे बूट घालून, पायजमा वर चढवून, वस्तीतल्या सगळ्या घरांवरून सावकाश चालत जायला लावलं. "हसू नको. बोलू तर अजिबात नको," ही ताकीद.

मी चाललो. जगातल्या कुठल्याही खेळाडूनं चालावं असा चाललो. एक कुत्रं माझ्या मागं लागलं, तेव्हा थोडासा पळालोही, म्हणजे जाहिरात पूर्णच झाली. परिणाम संध्याकाळपर्यंत दिसला. तीन वेगवेगळ्या घरांतून वहिनीकडे चौकशी आली, "पावण्यांना शुगर निघाली का वं?" एका म्हातारीनं मेथीचे दाणे पाठवले. एक बाई हळहळली, "हार्टचं असंल. डॉक्टरनं चालायला सांगितलं असंल बिचाऱ्याला." बूट घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही. उलट ज्या एकीच्या मनात होतं, तिनंही विचार सोडला, घरात आजारपण नको म्हणून.

"तू कामाचा न्हाईस," आत्या म्हणाली. रागानं नाही. परीक्षा घेतल्यावर निकाल सांगतात, तसं.

चैत्र आला. आमच्या भागात यात्रांचा हंगाम म्हणजे नारायणगावात तमाशांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं जाऊन फड ठरवतात. टोप्या, फेटे, जीपगाड्या, सगळा पुरुषांचा बाजार. आत्यानं मला गाडी काढायला लावली आणि नऊवारी, बूट, हातात पिशवी, अशी थेट एका नामांकित फडाच्या राहुटीत शिरली. तिथल्या मॅनेजरनं आधी तिच्याकडे आणि मग तिच्या मागं लपलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, कुठलं गाव? कमिटी कुठाय?"

"मीच कमिटी."

"अन् हे?"

"ह्यो डायव्हर." मी मान डोलावली. आणखी काय करणार?

"रातचा कार्यक्रम का दिवसाचा?"

"गावानं तुमचाच फड ठरवलाय, रातचा अन् सकाळची हजेरी बी. मला कार्यक्रम नको. मला बाई पायजे."

मॅनेजरच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. फडाची बाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. मुंबईच्या नट्या कुणी ओळखल्या नसत्या, पण तिचं नाव घेतलं की आमच्याकडचं शेंबडं पोरही नाक पुसून उभं राहायचं. तिनं यात्रेत जशी साडी नेसावी, तशी पुढच्या लग्नसराईत निम्म्या आंबेगाव तालुक्यानं नेसलेली असायची, आणि हे त्या बायकांना स्वतःलाही माहीत नसायचं.

आतून आवाज आला, "येऊ द्या वं त्यांना."

बाई खुर्चीवर बसली होती. साधी सुती साडी, केस मोकळे, पाय स्टुलावर. आत्यानं नमस्कार केला आणि सवयीनं तिच्या पायांकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहत होतो. तिचा चेहरा इतका मऊ झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. घोट्यांवर चाळ बांधून बांधून काळे पडलेले पट्टे, सुजलेली बोटं, अंगठ्याच्या खाली गाठ. आत्या खाली बसली आणि काही न विचारता त्या पायांवरून हात फिरवला.

"लई दुखतं का गं?"

"सवय झाली आता," बाई म्हणाली. मग खुर्चीखालून तिनं एक जोड पुढं ओढला. स्पोर्ट शूज. गुलाबी. "गाडीतून उतरलं की हेच घालती. कुणाला दिसू देत न्हाई. लोकांना आमच्या पायात चाळच बघायचा असतो."

आत्यानं सगळं सांगितलं. सून, घोणस, गमबूट, साहेब. माझी फजितीही, जरा जास्तच सविस्तर. बाई खो खो हसली आणि मग तिनं पाय स्टुलावरून खाली घेतले.

"मला बोलायचं काय?"

"कायबी न्हाई. तू बोललीस की त्या हो म्हंतील अन् इसरतील. तू नुसती ये. हजेरी झाली की माझ्या घरी ये. बायका तुझी ओटी भरतील. मग जरा रानात हिंडू."

बाई आत्याकडे बघत राहिली. "घरी?" ती म्हणाली. "दिवसा? बायकांत?"

"मग कुठं? मी काय तुला बांधावर बसवून चहा पाजू व्हय?"

"वीस वरसं तुमच्या यात्रंला येती मी. तुमच्या गावातलं एक घर आतून बघितल्यालं न्हाई."

तारीख ठरली ती तिथंच. मॅनेजर मानधनाचं काही बोलणार होता, बाईनं नुसता हात वर केला.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची हजेरी, म्हणजे दिवसाचा कार्यक्रम, आटपून ती आली. हिरवी नऊवारी, नाकात नथ, आणि पायात ते गुलाबी बूट, आज उघड. वस्ती भरून गेली होती. ज्या बायका रात्रीच्या तमाशाच्या नुसत्या नावानं पदर सावरायच्या, त्या दिवसाढवळ्या रांगेत उभ्या होत्या, हळदकुंकू घेऊन. तिची ओटी भरताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिची वेणी नीट करण्यावरून दोन बायकांचं भांडण लागलं होतं. वहिनीही ओट्यावरून उठून आली. बाईनं तिच्या वाकड्या पायाला हात लावला. वहिनीनं तो मागं ओढला नाही.

मग सगळा लवाजमा रानाकडे निघाला. गुलाबी बूट पुढं, मागं सगळ्यांचे मोबाईल. आत्या बाजूला उभी होती, ओठ घट्ट मिटून, स्वयंपाक चुलीवर असताना एखादी सुगरण उभी राहते तशी. आणि बांधाशी आल्यावर बाई थांबली. वाकली. नाड्या सोडल्या. बूट काढून बांधावर जोडीनं ठेवले. माती कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि अनवाणी पायानं रानात पाऊल टाकलं.

बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, चढायच्या आधी आयुष्यभर तिनं हेच केलेलं. पायाखालची जागा पोट भरते, तिला आधी नमस्कार. तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. बायकांनी हात जोडले. मीही जोडले. इतकं देखणं काही मी पाहिलं नव्हतं. आत्याचेही डोळे भरले होते. आपण काय बघतो आहोत, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

कुणीतरी त्याला गाणं लावून व्हिडिओ फिरवला. त्यात सगळ्यात सुंदर तेवढाच भाग होता, सावकाश केलेला: बूट काढणं, माती कपाळाला लावणं, अनवाणी पाऊल.

आणि मग मी एक चमत्कार पाहिला. पंधरा दिवसांत मंचरच्या बाजारात गुलाबी बूट मिळेनासे झाले. महिन्याभरात लग्नांतून काठपदराच्या साडीखाली बूट दिसायला लागले, नवरीच्या मामीपासून करवलीपर्यंत. बचत गटाच्या बैठकीत बूट, बँकेच्या रांगेत बूट, डिंभ्याच्या एसटीत धावून चढणाऱ्या बाईच्या पायात बूट. एका दुकानदारानं बाईचा फोटो मोठा करून दारावर लावला, तिला न विचारता. घोडेगावच्या बाजारात माझ्या बायकोला एका अनोळखी बाईनं तिच्या चपलांवरून हटकलं, "पुण्यात अजून ह्याच चालत्यात का वं?" ज्या गोष्टीला कंपन्या क्रिकेटपटू हवेत लटकावून ठेवतात, ती माझ्या नऊवारीतल्या आत्यानं एका ओटीवर करून दाखवली होती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. माझा त्यात वाटा काय, असं कुणी विचारलं की मी गाडी चालवत होतो असं सांगायचो.

पावसाळा लागला आणि मी गावी गेलो. आत्या बांधावर उभी होती. मी जवळ गेलो, तिनं माझ्या पायांकडेही पाहिलं नाही. ती समोर बघत होती.

बांधावर बुटांची ओळ लागली होती. गुलाबी, पांढरे, निळे. प्रत्येक जोड स्वच्छ पुसून, जोडीनं ठेवलेला. आणि पलीकडे कांद्यात सगळ्या बायका खुरपत होत्या. अनवाणी.

"नमस्कार करून जात्यात आत," आत्या म्हणाली. "जसं तिनं केलं, तसंच. एक गोष्ट इसरल्या न्हाईत."

ओळीच्या शेवटच्या बुटाशेजारी ऊन खात एक घोणस पडली होती. आत्यानं मला दाखवली. काठीनं हळूच बाजूला काढून दिली आणि ओरडली, "अगं भवान्यांनो! बूट कुठं लागत्यात ते सापाला कळलं, तुमाला कवा कळंल?" बायका हसल्या. एक म्हणाली, "आत्या, तिच्यापेक्षा आमी मोठ्या का? अन् एवढा पांढरा बूट चिखलात घालायचा व्हय? पुढल्या आठवड्यात साखरपुडा हाय."

आत्यानं बाईला फोन लावून सगळं सांगितलं. बाई खूप हळहळली, पण म्हणाली, "आत्या, बूट घालून मी बोर्डावर पाय न्हाई ठेवायची, तसा रानात बी न्हाई. मला जमायचं न्हाई. अन् त्यांना बी मी तसं सांगायची न्हाई." आत्या म्हणाली, "नगंच सांगू. मलाबी तुला तसं करताना बघवायचं न्हाई." फोन ठेवला आणि पुढं कितीतरी दिवस ती या विषयावर बोललीच नाही. मला वाटलं, हरली. तिच्यासारख्या बाईबद्दल असं वाटून घेणं हे माझं नेहमीचं अज्ञान.

खंडेनवमीला मी तिथं होतो. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ओट्यावर विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप मांडला. मग आत्यानं वस्तीवर निरोप पाठवला, सगळ्यांनी आपापले बूट घेऊन या. बायका आल्या, काही पिशवीत घालून, काही डब्यातून काढून. तिनं प्रत्येक जोड खुरप्याशेजारी ठेवायला लावला. मग हळद कालवली, चांगली घट्ट, आणि दोन बोटांनी प्रत्येक बुटाच्या नाकावर जाड पट्टा ओढला. त्यावर कुंकू. फूल. अक्षता.

"अवो आत्या," एक घाबरी होऊन म्हणाली, "जाळीत मुरतंय ते! डाग जाईल का?"

"न्हाई जायचा," आत्या म्हणाली. तिचा चेहरा देवीच्या गाभाऱ्यातल्यासारखा निर्विकार होता. "आता ते लग्नात न्हाई चालायचं. आता ते हत्यार झालं."

तिनं ओट्यावरचं एक खुरपं उचललं.

"खुरपं बांधावर काढून ठिवता का गं? कोयता काढून ठिवता? पुजल्यालं हत्यार हातात घिऊन रानात जाता, तवा रानाचा अपमान होतो का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं आपल्या पिवळ्या झालेल्या बुटाला नकळत नमस्कार केला होता, तो हात तसाच राहिला. आत्यानं रीत मोडली नव्हती. तिनं त्या रीतीतच बूट बसवला होता.

मग तिनं फळीवरून दोन खोकी काढली. एक सहा नंबरचं, एक आठचं. वहिनीचा डावा पाय सहाचा. सुजलेला उजवा आठमध्ये मावणारा. एका खोक्यातला डावा आणि दुसऱ्यातला उजवा असे जोडीनं लावून, त्यांना हळदकुंकू वाहून, तिनं ते वहिनीपुढं ठेवले.

वहिनी कितीतरी वेळ खाली बघत होती. मग खाली बसली आणि घातले. आत्यानं नाड्या बांधल्या. सासूनं सुनेच्या पायाशी बसून.

सगळे बांधापर्यंत गेलो. वहिनी थांबली. वाकली, मातीला हात लावला, कपाळाला लावला. क्षणभर तिचा हात नाडीकडे गेला, आणि मला वाटलं, संपलं. पण तिनं गाठ फक्त घट्ट केली आणि रानात पाऊल टाकलं. उजवा पाय ओढत, पल्याडच्या वाफ्याकडे, जिथं ती परत गेली नव्हती तिथंच. तिच्यामागून एक, मग दुसरी, मग सगळ्या. बांधावर एकही बूट राहिला नाही.

आत्या शेवटी निघाली. चालताना ती उजव्या पायानं लंगडत होती, अगदी वहिनीसारखी. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"आत्या, पायाला काय झालं?"

"काय न्हाई रं. जरा घट्ट हाय."

मी प्रथमच तिच्यासारखं खाली पाहिलं. तिच्या पायांत माझे जुने लाल पट्ट्याचे बूट नव्हते. डाव्या पायात आठ नंबरचा सैल बूट होता. उजव्या पायात सहा नंबरचा, पुढं विळ्यानं चीर दिलेला, आणि चिरेतून तिचा अंगठा बाहेर आलेला. दोन खोक्यांतले उरलेले दोन.

"अगं, तुझे जुने होते की!"

"हे वाया घालवायचं व्हय?" ती म्हणाली, आणि पुढं चालणाऱ्या सुनेच्या पायांवरची नजर न काढता, तिच्याच पावलात पाऊल टाकत, लंगडत लंगडत, पल्याडच्या वाफ्याकडे गेली.